भागाकार न करता बाकी

गेल्या पावसाळ्यात सांगलीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. मी पदार्थविज्ञानाचा माणूस, पण आयोजकांपैकी एक जण जुना मित्र, त्यामुळे बीजगणिताच्या इतिहासावरचे एक व्याख्यान माझ्या वाट्याला आले होते. व्याख्यानापूर्वीच्या चहाच्या सुट्टीत तासगाव भागातल्या एका शाळेतील बाईंनी पिशवीतून घडी घातलेली एक उत्तरपत्रिका काढून माझ्यासमोर धरली. प्रश्न असा होता :

क्ष⁷ + ३क्ष⁴ − २क्ष + ५ या बहुपदीला क्ष² + १ ने भागल्यास बाकी किती?

मुलाने भागाकार मांडलाच नव्हता. त्याने लिहिले होते, "क्ष² च्या जागी −१ ठेवू. मग क्ष⁷ म्हणजे −क्ष, क्ष⁴ म्हणजे १. म्हणून बाकी = −क्ष + ३ − २क्ष + ५ = −३क्ष + ८."

"उत्तर बरोबर आहे हो सर," बाई म्हणाल्या, "मी घरी पूर्ण भागाकार करून पाहिला. पण ही रीत पुस्तकात नाही आणि मीही शिकवलेली नाही. क्ष² उणे एक कसा असेल? कुठल्याच संख्येचा वर्ग उणे नसतो, हे मीच वर्गात सांगितलंय. चारपैकी दोन गुण दिलेत. बरोबर केलं का?"

या प्रश्नाने मला तीस वर्षे मागे नेले. साताऱ्याजवळच्या ज्या शाळेत मी शिकलो, तिथे नववीत असताना २क्ष³ − ५क्ष² + ४क्ष + ७ ला क्ष − ३ ने भागून बाकी काढायची होती. मोठ्या चुलतभावाने आदल्या दिवशी शिकवलेली युक्ती मी वापरली. क्षच्या जागी ३ घातले. ५४ − ४५ + १२ + ७, म्हणजे २८. झाले! वही परत आली तेव्हा त्यावर तांबड्या शाईत शून्य होते आणि खाली एक प्रश्न : "क्ष = ३ घेतल्यावर भाजक शून्य होतो. शून्याने भागता काय?" शून्य गुणांचे दुःख दोन दिवसांत विरले. खालच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही, आणि ते बरीच वर्षे सलत राहिले. आज वाटते, वहीवरचा तो शेरा त्या पानावरची सर्वांत चांगली गोष्ट होती. फक्त तो शिक्षा म्हणून लिहिला गेला होता.

बहुपदींचा भागाकार फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीतील (इ. स. ११५०) बीजगणितात अव्यक्त राशींच्या सहा क्रिया दिल्या आहेत : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. अव्यक्ताला ते 'यावत्तावत्' म्हणतात आणि लिहिताना नुसते 'या' लिहितात. त्याचा वर्ग 'याव', आणि ज्ञात संख्येला 'रू', म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. आपण ज्याला ३क्ष² + २क्ष − ८ म्हणतो ते त्या पद्धतीत 'याव ३ या २ रू ८' असे होईल आणि ८ वर टिंब असेल. याला 'या १ रू २' ने भागायचे. भाजकाला ज्या ज्या राशींनी गुणून भाज्यातून क्रमाने वजा केले असता भाज्य संपून जाते, त्या राशी म्हणजेच भागाकार, असा तिथल्या नियमाचा आशय आहे. इथे आधी 'या ३' आणि मग ऋण ४ ने गुणून वजा केले की काहीच उरत नाही. आजच्या पुस्तकातल्या रेषीय पद्धतीपेक्षा यात वेगळे काही नाही.

पण त्या नियमातला 'संपून जाते' हा भाग लक्षात घ्यावा. भास्कराचार्यांच्या इथे अव्यक्तांचा भागाकार हा आधीच्या गुणाकाराची उलटतपासणी म्हणून येतो, त्यामुळे तो निःशेष होणार हे धरूनच चालले आहे. बाकीचा विचार आपल्या परंपरेत झाला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. आर्यभटाच्या ग्रंथापासून (इ. स. ४९९) चालत आलेले कुट्टक गणित हे मुळी बाक्यांचेच गणित आहे. एका संख्येला दुसरीने भागा, जी बाकी येईल तिने आधीच्या भाजकाला भागा, असे करत खाली उतरायचे आणि मग उत्तर जुळवत वर चढायचे. भास्कराचार्यांनी लीलावती आणि बीजगणित या दोन्हींत कुट्टकाला प्रकरण दिले आहे. म्हणजे एकाच ग्रंथात एकीकडे संख्यांच्या बाक्यांचे इतके सूक्ष्म तंत्र आहे आणि दुसरीकडे अव्यक्तांचा भागाकार आहे. पण अव्यक्ताच्या भागाकारातली बाकी घेऊन कुट्टक करावा, असा धागा तिथे जुळलेला दिसत नाही.

त्याच बाराव्या शतकात बगदादमध्ये अल्-समवाल नावाचा गणिती होता. त्याने बहुपदींचा भागाकार कोष्टकात मांडला. वर घातांकांचे रकाने आणि खाली फक्त सहगुणक, असे ते कोष्टक असे. त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २०क्ष² + ३०क्ष ला ६क्ष² + १२ ने भागायचे. पहिल्या पायरीत भागाकार ३ १/३ येतो आणि ३०क्ष − ४० उरते. आपला विद्यार्थी इथे थांबून 'बाकी' लिहील. अल्-समवाल थांबला नाही. दशांश अपूर्णांकांत आपण पुढे भागत जातो तसा तो पुढे गेला. ५ भागिले क्ष, मग उणे ६ २/३ भागिले क्ष², मग उणे १० भागिले क्ष³... आणि हे कधीच संपणार नाही हे ओळखून त्याने सहगुणकांचा नियम सांगितला : प्रत्येक सहगुणक त्याच्या आधीचा एक सोडून त्या मागच्याच्या उणे दुप्पट. म्हणजे भास्कराचार्यांच्या सूत्रात बाकी उद्भवत नाही आणि अल्-समवालच्या हिशेबात ती पुढे पुढे ढकलली जाते. बाकीकडे एक वस्तू म्हणून दोघेही पाहत नाहीत.

ती तशी पाहिली जाऊ लागली युरोपात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. सायमन स्टेविनने १५८५ मध्ये दोन बहुपदींचा मसावि काढून दाखवला, आणि तो संख्यांच्या मसाविच्याच रीतीने. बाकी काढा, बाकीने भाजकाला भागा, पुन्हा बाकी काढा. पुढे देकार्तने १६३७ च्या 'भूमिती'त अवयव सिद्धांत मांडला. समीकरणाचे एक मूळ ठाऊक असेल, तर 'अव्यक्त उणे ते मूळ' याने बहुपदीला निःशेष भाग जातो आणि कोटी एकने उतरते. भाग जात नसेल तर ती संख्या मूळ नव्हे. भागाकार आणि किंमत घालणे या दोन वेगळ्या वाटणाऱ्या क्रिया इथे प्रथम एका वाक्यात आल्या. भाग गेला नाही तर जे उरते ते म्हणजेच ती किंमत, हा शेष सिद्धांत त्यातून एका पावलावर आहे. रशियन आणि पोलिश पाठ्यपुस्तकांत तो फ्रेंच गणिती बेझू (१७३०–१७८३) याच्या नावाने शिकवतात. आपल्याकडे त्याला कोणाचे नाव नाही.

आता वहीवरच्या त्या तांबड्या शेऱ्याकडे येऊ. कारण मला वाटते, शेष सिद्धांत शिकवताना घसरायची जागा नेमकी हीच आहे. पुस्तकात सिद्धता दोन ओळींत असते. फ(क्ष) = (क्ष − ३) × भ(क्ष) + ब. क्ष = ३ घाला. म्हणून फ(३) = ब. हुशार मुलगा इथे अस्वस्थ होतो आणि ते बरोबरच आहे. आपण (क्ष − ३) ने भागले आणि मग तोच भाजक शून्य केला! याचे उत्तर असे आहे की वरच्या ओळीत भागाकाराचे चिन्हच नाही. तिथे आहे ते गुणाकार आणि बेरजेने जोडलेले एक नित्यसमीकरण. भागाकार आपण केला तो बहुपदींचा, क्षला कोणतीही किंमत न देता. तो झाल्यावर हातात आलेली ओळ क्षच्या प्रत्येक किमतीला खरी आहे, ३ ला सुद्धा. शून्याने भागण्याचा प्रसंग कुठेच आला नाही. हे मला नववीत सांगता आले असते तर!

पण त्याहून मला आवडणारे स्पष्टीकरण वेगळे आहे आणि ते पाचवी-सहावीपासून मुलांच्या हातात असते. ४७२८ ला ९ ने भागल्यास बाकी किती? आपण अंकांची बेरीज करतो. ती २१ येते. पुन्हा बेरीज केली की ३. बाकी ३. का? ४७२८ म्हणजे ४क्ष³ + ७क्ष² + २क्ष + ८, फक्त क्ष = १०. आणि ९ म्हणजे क्ष − १. दहा आणि एक यांत फरक आहे तो नवाचाच. नऊ टाकून द्यायचे ठरवले की दहाच्या जागी एक ठेवायला हरकत नाही. शंभर, हजार यांच्याही जागी एक. अंकांची बेरीज म्हणजे या बहुपदीची क्ष = १ ला येणारी किंमत. ११ ची कसोटी हीच. ११ म्हणजे क्ष + १, तेव्हा दहाच्या जागी −१. मग −४ + ७ − २ + ८ = ९, आणि ४७२८ ला ११ ने भागून बाकी खरोखर ९ येते. म्हणजे शेष सिद्धांत मुलांना नववीत भेटतो तेव्हा तो नवा नसतो. ते त्याला आधीपासून ओळखत असतात, पण ओळख कोणी करून दिलेली नसते.

म्हणून मी असे म्हणेन : क्ष − ३ ने भागून बाकी काढणे म्हणजे 'क्ष आणि ३ यांतला फरक आम्ही मोजणार नाही' असे ठरवणे. एकदा हे ठरवले की क्षच्या जागी ३ लिहिणे ही युक्ती राहत नाही, त्या ठरावाचा तो सरळ अर्थ होतो.

संश्लेषक पद्धतीबद्दल थोडे. तिचे नाव सहसा हॉर्नरशी जोडले जाते. विल्यम जॉर्ज हॉर्नर हा इंग्लंडातल्या बाथ गावचा शाळामास्तर होता. त्याचा निबंध १८१९ साली रॉयल सोसायटीपुढे आला. त्याआधी १८०४ मध्ये इटलीतल्या मोदेना इथला रुफिनी, जो वैद्यकी करत करत गणित करी, याने तीच मांडणी दिली होती. आणि या दोघांच्याही कितीतरी आधी, १२४७ मध्ये, चीनच्या चिन च्यूशाओने याच आकडेमोडीने दहाव्या कोटीपर्यंतची समीकरणे सोडवली होती. श्रेय कोणाला द्यायचे ते द्या, आतले यंत्र साधे आहे. २क्ष³ − ५क्ष² + ४क्ष + ७ हे ((२क्ष − ५)क्ष + ४)क्ष + ७ असे लिहा आणि आतून बाहेर येत ३ घाला : २, १, ७, २८. शेवटचा आकडा बाकी. त्याआधीचे तीन म्हणजे भागाकाराचे सहगुणक, २क्ष² + क्ष + ७. किंमत काढता काढता भागाकार फुकटात मिळाला. संगणकाला बहुपदीची किंमत काढायला सांगितली तर तो आजही बहुधा याच क्रमाने जातो, कारण याहून कमी गुणाकारांत ते सहसा होत नाही.

आपल्या जिल्ह्यांत हे बीजगणित पोहोचले ते इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या वाटेने. हॉल आणि नाईट यांचे १८८७ चे उच्च बीजगणित कित्येक पिढ्यांनी घोटले. कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघाले, दोन्ही १९१९ साली. साताऱ्यात जन्मलेले ग. स. महाजनी केंब्रिजला गणित शिकून आले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पण पाठ्यपुस्तकाच्या वाटेचा एक तोटा असतो. सिद्धांत येतो, त्याच्या पाठीमागची शंका येत नाही.

तासगावच्या त्या मुलाने जे केले ते मात्र हॉल-नाईटच्या पुढचे आहे. कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८४७ मध्ये एक निबंध लिहिला. उणे एकचे वर्गमूळ ही काय वस्तू आहे, या प्रश्नाने त्या काळचे गणिती बेजार होते. वापरायचे सगळेच, पण आहे असे छातीठोक कोणी म्हणेना. कोशीने सुचवले की ती वस्तू आहे की नाही हा वाद सोडून द्या. नेहमीच्या बहुपदी घ्या आणि प्रत्येक हिशेबाअंती क्ष² + १ ने भागून फक्त बाकी ठेवा. बाकी नेहमी 'अ + बक्ष' अशी असणार. दोन बाक्यांची बेरीज करा, गुणाकार करा, पुन्हा बाकी काढा. हे जे बाक्यांचे जग तयार होते तेच संमिश्र संख्यांचे जग. तिथे क्ष² ची बाकी −१ आहे, कारण क्ष² = (क्ष² + १) − १. कुठल्याही संख्येचा वर्ग ऋण आहे असा दावा करावाच लागत नाही.

मी बाईंना हे चहाचा कप हातात धरूनच सांगितले. त्यांनी विचारले, "म्हणजे तो क्ष² ला उणे एक मानत नाहीये, क्ष² ची बाकी घेतोय?" हो, एवढेच. त्यांनी पर्समधून पेन काढले आणि दोनाचे चार केले. मग कागद लगेच आत न ठेवता म्हणाल्या, "अजून एक गणित आहे यात. पण ते नंतर."

कोशीच्या आधी १८३० मध्ये गाल्वाने, वयाच्या अठराव्या वर्षी, याच कल्पनेला वेगळे वळण दिले होते. सहगुणकही नेहमीच्या संख्या न घेता एखाद्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्या घ्यायच्या आणि त्यांच्या बहुपदींच्या बाक्या घ्यायच्या. असे करून मोजक्याच संख्यांची, पण बेरीज-गुणाकार-भागाकार सगळे चालेल अशी जगे तयार होतात. सांगलीच्या बाजारात हळद घ्या नाहीतर चहा प्या, पैसे द्यायला टपरीवर चिकटवलेला जो काळा-पांढरा क्यूआर चौकोन असतो त्याच्या आत असे एक २५६ संख्यांचे जग आहे. सहगुणक ० किंवा १, कोटी आठपेक्षा कमी, अशा बाक्या एकूण २⁸ = २५६. मजकूर या संख्यांत मांडून त्याची एक लांब बहुपदी करतात, तिला ठरलेल्या बहुपदीने भागतात आणि बाकी मजकुराच्या शेपटीला जोडतात. जोडणी अशी की सगळे मिळून निःशेष भाग जावा. फोन तो चौकोन वाचतो तेव्हा आलेल्या बहुपदीत ठरलेल्या किमती घालून पाहतो. सगळीकडे शून्य आले तर वाचन बिनचूक. नाही आले, तर जे आकडे उरतात त्यांवरून कुठे आणि किती बिघडले ते काढतो. म्हणून कोपरा थोडा फाटलेला, हळदीच्या हाताने पिवळा झालेला चौकोनही वाचला जातो. या पद्धतीचे मूळ रीड आणि सोलोमन यांच्या १९६० च्या निबंधात आहे. तपासणीचा गाभा मात्र देकार्तचा अवयव सिद्धांत.

पण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचे वाटते ते श्रीराम अभ्यंकरांचे काम. हे मराठी गणिती १९३० साली उज्जैनला जन्मले. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले, झरिस्कींच्या हाताखाली १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९६३ पासून २०१२ साली निधन होईपर्यंत पर्ड्यू विद्यापीठात राहिले. पुण्यात १९७६ साली त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले. त्या काळात बीजभूमितीत अमूर्त, प्रचंड यंत्रणा उभारण्याची लाट होती. अभ्यंकरांचे म्हणणे असे की शाळेतल्या बीजगणितात अजून पुष्कळ दम आहे, ते नीट वापरून तर पाहा. त्यांनी ते वापरून दाखवले.

कल्पना अशी. ४७२८ ही संख्या दहाच्या पायावर लिहायची तर काय करतो? दहाने भागून बाकी ८, भागाकाराला पुन्हा दहाने भागून बाकी २, असे अंक उजवीकडून मिळत जातात. आता दहाच्या जागी एखादी बहुपदी ग घ्या. दिलेल्या बहुपदीला ग ने भागत जा आणि बाक्या मांडत जा. बहुपदी 'ग च्या पायावर' लिहिली जाते, अंकांच्या जागी ग पेक्षा लहान कोटीच्या बाक्या. उदाहरणार्थ,

फ = क्ष⁴ + ४क्ष³ + १०क्ष² + १२क्ष + ७

ही बहुपदी ग = क्ष² च्या पायावर ग² + (४क्ष + १०)ग + (१२क्ष + ७) अशी आहे. मधला अंक ४क्ष + १०. त्याचे निम्मे ग मध्ये मिळवू : नवा ग = क्ष² + २क्ष + ५. पुन्हा भागाकार करून पाहिले, तर फ = ग² − ४ग + २. मधला अंक आता नुसता −४. त्याचेही निम्मे मिळवू : ग = क्ष² + २क्ष + ३. आणि आता फ = ग² − २. मधला अंक नाहीसा झाला!

हे ओळखीचे वाटले का? क्ष² + ६क्ष + ५ घेऊन, मधल्या ६ चे निम्मे क्षमध्ये मिळवून (क्ष + ३)² − ४ लिहितो तेव्हा आपण हेच करतो. वर्ग पूर्ण करण्याची ही रीत श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी तिचा उल्लेख त्यांच्या नावानिशी केला म्हणून आपल्याला ते कळते. जर्मन गणिती चिर्नहाऊसने १६८३ मध्ये ती वरच्या कोटीच्या समीकरणांकडे नेली. अभ्यंकर आणि त्यांचे सहकारी टी. टी. मोह यांनी १९७३ च्या निबंधांत क्षच्या जागीच बहुपदी ठेवून तिला पूर्ण मोकळीक दिली. वर निघालेल्या ग ला 'आसन्न मूळ' म्हणू या. फ चे नेमके वर्गमूळ नाही, पण बहुपदींत त्याहून जवळचे मिळणार नाही. (दोनने भागता आले पाहिजे ही अट आहेच. गाल्वाच्या काही जगांत २ म्हणजे शून्य असते, तिथे हे अडते.)

याचे फळ १९७५ साली आले. समजा, दोन बहुपदी आहेत, प(त) आणि क(त), आणि फक्त बेरीज-वजाबाकी-गुणाकार करून त्यांच्यापासून त परत मिळवता येतो. उदाहरणार्थ, त² आणि त⁴ + त. दुसरीतून पहिलीचा वर्ग वजा केला की त हाती आला. त² आणि त³ मधून मात्र तो कधीच मिळत नाही. अभ्यंकर-मोह सिद्धांत सांगतो की नेहमीच्या संख्यांवर हे साधायचे असेल तर एका बहुपदीच्या कोटीने दुसरीच्या कोटीला निःशेष भाग गेलाच पाहिजे. विधान नववीच्या मुलाला समजेल. सिद्धता सोपी नाही, पण तिच्या मुळाशी बहुपदीचा भागाकार करून बाक्या ओळीने मांडण्याचीच क्रिया आहे.

हे सारे व्याख्यानात सांगून झाले तेव्हा तासगावच्या बाई उठल्या आणि तोच कागद घेऊन फळ्यापाशी आल्या. "आता ते दुसरं गणित," त्या म्हणाल्या, "क्ष¹⁰ ला (क्ष − १)² ने भागून बाकी काढा. इथं त्याच मुलानं क्ष = १ घातलं आणि बाकी १ लिहिली. ती चूक आहे. भाजक तर इथंही शून्य झाला. मग इथं का चुकलं?"

सभागृहात थोडा वेळ शांतता होती. पहिल्या रांगेतले एक वयस्कर सर म्हणाले, "भाजक दुसऱ्या कोटीचा, बाकीत क्ष उरायला पाहिजे. त्याने एकच अंक वाचला." बरोबर. क्ष − १ च्या पायावर लिहिले तर शेवटचे दोन अंक हवेत. क्ष = १ घालून शेवटचा तेवढा मिळतो.

"मग त्याचीच पहिली रीत चालवू या," बाई म्हणाल्या आणि खडू घेतला. (क्ष − १)² म्हणजे क्ष² − २क्ष + १. तेव्हा क्ष² च्या जागी २क्ष − १. क्ष³ म्हणजे २क्ष² − क्ष, त्यात पुन्हा क्ष² च्या जागी २क्ष − १ ठेवून ३क्ष − २. क्ष⁴ साठी ३क्ष² − २क्ष, म्हणजे ४क्ष − ३. त्या पाचवा घात लिहायला लागल्या तोच मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "दहा क्ष उणे नऊ!" बाईंनी तरीही पायरी न गाळता दहाव्या घातापर्यंत लिहिले, आणि मग शेजारी रेषीय भागाकार मांडायला घेतला. भागाकाराचे सहगुणक १, २, ३ करत ९ पर्यंत गेले, आणि फळ्याच्या अगदी खालच्या काठाला १०क्ष − ९ आले.